लडाखची शेती : संशोधन कशावर व्हावं, आणि शिकवावं कधी?

रानवारा | १२ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मंडळी, लेहच्या सहलीच्या धाग्यावर मी शेतीबद्दल दोन ओळी टाकल्या होत्या. त्यावर तिघाचौघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून 'सविस्तर लिही' म्हटलं. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

राहुरीला मृदाशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रकल्पावर लेहला गेले. वर्षभरासाठी म्हणून गेले होते, चार उन्हाळे आणि तीन हिवाळे राहिले. लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या कडेनं जो खालचा भाग आहे त्याला शाम म्हणतात. तिथल्या एका गावात एका घरी खोली घेतली होती. घरधनीण साठीच्या पुढची, तिला मी आमा-ले म्हणायचे. आमा म्हणजे आई, आणि 'ले' म्हणजे आपला 'जी'.

लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या माणदेशात चारशे-पाचशे पडतो आणि तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो. लागवडीखालची जमीन एकूण क्षेत्राच्या एक टक्काही नाही. जी आहे ती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून, पाट खणून तयार केलेली. बहुतेक गावांत वर्षाला एकच पीक. शाम भागात आणि कारगिलच्या खालच्या गावांत जवानंतर कुट्टू (बकव्हीट) किंवा सलगम असं दुसरं पीक निघतं.

आता मला जे सांगायचं आहे ते. दुसऱ्या वर्षीचा मे महिना. आमा-लेचं जव पेरून झालं होतं आणि त्या दिवशी पाण्याची पाळी तिची होती. तिकडे पाटाला युरा म्हणतात. पहाटे मी तिच्याबरोबर गेले. युराला पाणी होतं मनगटाएवढं. तिनं शेजाऱ्याच्या वाफ्याचं तोंड गवताच्या ढेकळानं आणि जुन्या गोणपाटानं बुजवलं, वरून दगड ठेवला, फटींत बोटांनी चिखल भरला. थेंबभरही वाया जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. ते पाणी तिसऱ्या वाफ्यापर्यंत पोचलं आणि तिथंच जिरलं. सात वाफे कोरडे राहिले. वर डोंगरावर हिमनदी लख्ख दिसत होती. मी म्हटलं, आमा-ले, वर एवढं पाणी आहे की. ती म्हणाली, "ते जूनमध्ये येईल. मला आत्ता हवंय."

लडाखच्या शेतीचं घोडं इथं अडतं. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि हिमनदी वितळायला लागते जूनमध्ये. पाच हजार मीटरच्या वरच्या बर्फाला ऊन लागायला उशीर होतो. मधले पाच-सहा आठवडे जे पाणी मिळतं ते हिवाळ्यात खालच्या उतारांवर पडलेल्या बर्फाचं. तो बर्फ कमी पडला की पेरा आक्रसतो. झंस्कारमधल्या कुमिक गावाचं तर पाणीच आटलं, आणि लोकांना खाली नवी वस्ती बसवावी लागली.

संशोधन संस्था म्हणाल तर कमी नाहीत. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास लष्करासाठी लेहला प्रयोगशाळा निघाली, ती आज डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची 'दिहार'. शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाचं स्ताकना इथं उंच शीत वाळवंटाच्या शेतीचं केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, कोरडवाहू प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या जोधपूरच्या 'काझरी'चं उपकेंद्र २०१२ पासून आहे. यांनी मोठं काम केलेलं आहे. लेहच्या बाजारात आज कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, काकडी, अगदी कलिंगडही स्थानिक मिळतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिकडे यातलं फारसं काही कुणाला माहीत नव्हतं.

पण एका केंद्रावर मी जवाच्या वाणांच्या चाचण्या पाहिल्या, तिथं बोअरवेल होती. सगळ्या वाफ्यांना वेळेवर पाणी. सर्वांत जास्त उतारा देणारा वाण निवडला गेला आणि गावात दिला गेला. आमा-लेनं तो पेरला, पहिलं पाणी वीस दिवस उशिरा मिळालं, आणि तिचं जुनं घरचं बी त्या वाणाच्या पुढं निघून गेलं. यात चूक शास्त्रज्ञाच्या हुशारीत नव्हती. प्रश्नच वेगळा विचारला होता. 'भरपूर पाणी मिळाल्यावर कोण जास्त पिकतो' हा आमा-लेचा प्रश्न नव्हताच.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. मी पाहिलेली बहुतेक प्रशिक्षणं जून ते ऑगस्टमध्ये व्हायची. तेव्हा रस्ते उघडे असतात, बाहेरून तज्ज्ञ येऊ शकतात, आर्थिक वर्षातला निधी आलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत बायकांना मान वर करायला फुरसत नसते. आणि नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा अख्खं गाव बुखारीभोवती, म्हणजे घर तापवायच्या शेगडीभोवती बसून लोकर कातत असतं, तेव्हा शिकवायला कुणी येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : संशोधनात पहिला मान एप्रिल-मेच्या पाण्याला, आणि शिक्षणात पहिला मान हिवाळ्याला. बाकी सगळं त्याच्यामागून. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

---

पांझराकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई, वाचता वाचता आमच्या फडात जाऊन आलो. आमच्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे, तीनशे वर्षं तरी जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं पीक एकच. पाणी कुणाला किती वेळ हे पाटकरी ठरवतो, मालक नाही. माझे आजोबा सांगायचे की पाटकऱ्याला घरचा आणि परका दोन्ही सारखे.

तिकडे पाटकऱ्यासारखं कुणी आहे का? की ज्याच्या अंगात जोर त्याचं पाणी?

---

रानवारा | १२ नोव्हेंबर, रात्री १०.३०

दादा, आहे, आणि हुबेहूब तसाच. त्याला चुरपोन म्हणतात. छू म्हणजे पाणी, पोन म्हणजे मुखत्यार. गाव दरवर्षी नेमतं, घरं आळीपाळीनं ही जबाबदारी घेतात. रात्रीचं पाणी झिंग नावाच्या तळ्यात साठवायचं आणि सकाळी सोडायचं, कुठल्या आळीला आधी, कुठल्याला नंतर, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. आमच्या गावच्या चुरपोनला पाटावरून चालताना नुसत्या आवाजावरून कळायचं की वर कुठं तरी पाणी फुटलंय.

आता तरुण मुलं लेहला टॅक्सी चालवतात, गेस्टहाऊसमध्ये काम करतात. चुरपोनचं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेण्याकडे कल आहे. या माणसांचं ज्ञान लिहून काढणं हेसुद्धा संशोधनच आहे, पण त्याला कुठल्या विषयाखाली पैसे मागायचे हे कुणाला उमगत नाही.

---

सरळरेघ | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१५

लेख आवडला, पण एक रोखठोक प्रश्न. २०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. रेशनवर तांदूळ आणि गव्हाचं पीठ पोचतं, रस्ते सुधारताहेत, झोजिलाचा बोगदा होतो आहे. मग तिथं जव पिकवण्यावर एवढं संशोधन का? तोच पैसा विदर्भातल्या कोरडवाहू कापसावर किंवा मराठवाड्यावर घातला तर कितीतरी जास्त माणसांच्या कामी येईल. मनापासून विचारतोय, खिजवायला नाही.

---

फौजी_अण्णा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

सरळरेघ साहेब, मी उत्तर देतो. मी सातारचा, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. दोन वेळा त्या भागात होतो, पहिली खेप लेहच्या उत्तरेला नुब्रा खोऱ्यात.

पहिल्या खेपेला हिवाळ्यात आम्ही डबाबंद भाजी आणि वाळवलेले बटाटे खायचो. खायचो म्हणजे गिळायचो. दोन-तीन महिने हिरवं पान दिसायचं नाही. दुसऱ्या खेपेला जवळच्या गावातून ताजा पालक आणि मुळा येत होता, फेब्रुवारीत. त्या दिवशी लंगरमध्ये पोरं ताट घेऊन दोनदा रांगेत उभी राहिली. माझ्या शेजारचा कोल्हापूरचा पोरगा नुसती मुळ्याची पानं मिठाबरोबर खात होता आणि काही बोलत नव्हता.

ती भाजी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पिकलेली होती. साधारण कमरेएवढा खोल चर, वर प्लास्टिक, रात्री त्यावर घोंगड्या. जमिनीची ऊब आत राहते. शास्त्रज्ञांनी हे शोधलं, सुधारलं, गावकऱ्यांना शिकवलं, गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी फौजेला भाजी विकली. गावात पैसा आला आणि जवानाच्या पोटात ताजं अन्न गेलं.

बोगदा होऊ दे, चांगलंच आहे. पण ज्या सीमेवर गावं वसलेली आहेत ती सीमा नुसत्या चौक्यांवर राखता येत नाही. गाव राहायचं तर शेत राहिलं पाहिजे. एवढंच.

---

सरळरेघ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

अण्णा, पटलं. प्रश्न विचारला नसता तर हे वाचायला मिळालं नसतं. पण मग रानवारा ताईंना विचारतो, हिवाळ्यातली भाजी ही तर मोठी यशकथा दिसते. तुम्ही तिला पहिला मान का दिला नाही?

---

रानवारा | १३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

अण्णा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आभार.

सरळरेघ, भाजी महत्त्वाची आहेच. चराशिवाय तिकडे आता सौर हरितगृहं पुष्कळ आहेत. 'गेरेस' ही फ्रेंच संस्था आणि लेहच्या स्थानिक संस्था यांनी ती पसरवली. उत्तर, पूर्व आणि पश्चिमेला कच्च्या विटांच्या जाड दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत पेंढा, दक्षिणेला उतरतं प्लास्टिक. आतली भिंत काळी रंगवलेली. दिवसा भिंत तापते आणि रात्री ती ऊब परत देते. वेगळं जळण काही लागत नाही. आमा-लेच्या हरितगृहात जानेवारीत बाहेर उणे अठरा असताना मी पालक आणि धने उगवलेले पाहिले आहेत. संध्याकाळी चारला ऊन डोंगराआड गेलं की ती जी लगबगीनं वरचं पांघरूण ओढायची ती पाहण्यासारखी असायची. दहा मिनिटं उशीर झाला तर आठवड्याची मेहनत जाणार, हे तिला ठाऊक होतं.

पण हे तंत्र आता हाती आलेलं आहे. राहिले आहेत ते प्रश्न छोटे आणि चिवट. प्लास्टिक चार-पाच वर्षांत उन्हानं ठिसूळ होतं, त्या फाटक्या प्लास्टिकचं काय करायचं. मावा ही कीड पडली तर काय फवारायचं, कारण तिकडे शेती सेंद्रिय करायची मोहीम लडाखच्या स्वायत्त पर्वतीय परिषदेनं हाती घेतलेली आहे. याला नवा सिद्धान्त लागत नाही, हिवाळ्यात गावात राहणारं माणूस लागतं.

वसंताच्या पाण्याला मात्र पक्कं उत्तर अजून नाही. चेवांग नोर्फेल नावाचे अभियंते, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांनी १९८७ मध्ये फुक्त्से गावात कृत्रिम हिमनदी केली. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी सावलीच्या उताराकडे वळवायचं, दगडी बांधांमागे संथ करायचं, म्हणजे ते थरांवर थर गोठतं. गावाच्या जवळ आणि कमी उंचीवर असल्यामुळे ते एप्रिलमध्येच सुटायला लागतं. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून बर्फाचे स्तूप केले. वरून नळानं आणलेलं पाणी रात्रीच्या थंडीत हवेत उडवायचं आणि त्याचा शंकू करायचा. शंकूला आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग कमी, म्हणून ऊन कमी लागतं आणि बर्फ मे-जूनपर्यंत टिकतो.

दोन्ही कल्पना लडाखी माणसांच्या. जगभर त्यांचे फोटो गेले. पण मला जे हवं आहे ते मोजमाप. एका स्तूपानं मे महिन्यात वाफ्यापर्यंत किती लिटर पाणी पोचवलं? वाटेत किती जिरलं? नळ गोठून फुटला तर दुरुस्तीला रात्री कोण गेलं, त्याला गावानं काय दिलं? वरच्या गावानं पाणी गोठवलं तर खालच्या गावाचा हक्क कुठं जातो? पन्नास गावांत दहा वर्षं अशी नोंद ठेवली तर कुठल्या ओढ्याला स्तूप, कुठल्याला बांध आणि कुठल्याला नुसती मोठी झिंग पुरेल हे सांगता येईल. आज ते अंदाजानं ठरतं.

---

पशुवैद्य_राजा | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

धागा पीकशेतीवरच चाललाय म्हणून माझं घोडं पुढे दामटतो. लडाखचा अर्धा जीव जनावरांत आहे. चांगथांगच्या पठारावर चांगपा लोक राहतात, समुद्रसपाटीपासून चार-साडेचार हजार मीटरवर, तंबूत. त्यांच्या शेळ्यांची लोकर म्हणजे पश्मिना, तंतूची जाडी १२ ते १५ मायक्रॉन. ही लोकर थंडीमुळेच येते. शेळी खाली उबेत आणून पाळली तर तसा मऊ थर धरत नाही. म्हणजे तो धंदा तिथंच आणि त्याच थंडीत करावा लागतो.

मी २०१३ च्या उन्हाळ्यात एका पथकाबरोबर तिकडे गेलो होतो. त्याआधीच्या हिवाळ्यात अतोनात बर्फ पडून हजारो शेळ्या दगावल्या होत्या. करडं भर थंडीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मतात. आईच्या पोटात चारा नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर करडू रात्र काढत नाही. एका चांगपा बाईनं मला तंबूत मेलेल्या करडांची वाळवलेली कातडी दाखवली, एकावर एक रचलेली. मोजायचं धाडस माझ्याकडून झालं नाही.

माझ्या दृष्टीनं संशोधनाची पहिली गरज हिवाळी चारा. लसूणघास गावांत होतो, छपरावर वाळवून ठेवतात, पण तो पठारावर पुरेसा आणि वेळेवर पोचत नाही. कुठल्या कुरणावर किती जनावरं, कुठलं कुरण किती वर्षं राखून ठेवायचं, हे चांगपांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्याबरोबर बसून ते लिहिलं पाहिजे. आणि लोकर विंचरून निघाल्यावर केस वेगळे काढायचा कारखाना लेहला झालाय, तसंच पुढचं सूत आणि कापडही लडाखात झालं तर पैसा तिथं राहील. आज शालीचा नफा बहुतेक खालीच जातो.

---

मीरा_के | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मी शिक्षिका आहे, दोन उन्हाळे लेहजवळ फे गावातल्या सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या आवारात स्वयंसेवक म्हणून राहिले. त्यामुळे शिक्षणाबद्दल लिहिते.

सेकमोल १९८८ मध्ये तरुण लडाखी विद्यार्थ्यांनी सुरू केली. तेव्हा दहावीला बहुतेक मुलं नापास व्हायची. प्रश्न मुलांच्या बुद्धीचा नव्हता. घरी लडाखी, शाळेत उर्दू, आणि पुढच्या वर्गांत एकदम इंग्रजी, अशी भाषेची कसरत होती. पुस्तकांतली झाडं, पीकं, पावसाळा, यांतलं काहीही त्या मुलानं पाहिलेलं नव्हतं. १९९४ मध्ये सरकार, गावं आणि सेकमोल यांनी मिळून ते बदलायला घेतलं, लडाखच्या संदर्भाची पुस्तकं आली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं.

तरीसुद्धा एक गोष्ट मला सतत बोचत राहिली. मुलांना मी 'घरी काय पिकतं' विचारलं की ती खाली बघायची. 'काही नाही, जवच' म्हणायची. ते जव आमच्याकडे चांगलं महाग विकलं जाईल, हे मी सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटायचं. भाजलेल्या जवाचं पीठ, त्याला ङाम्फे म्हणतात, ते घरी रोज खाल्लं जातं आणि पाहुण्यांसमोर लपवलं जातं. शाळेत शेती शिकवायची असेल तर आधी ही मान वर झाली पाहिजे.

पशुवैद्य दादांनी चांगपांबद्दल लिहिलं म्हणून जोडते : पुगा इथं भटक्या चांगपांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. मुलं तिथं शिकतात ही फार चांगली गोष्ट. पण वर्षाचे कित्येक महिने कळपापासून लांब राहिलेलं मूल आजारी शेळी कशी ओळखेल? शाळेचाच एक छोटा कळप असावा, आणि तो सांभाळायला शिकवणारे गुरुजी म्हणून एखादा म्हातारा चांगपा असावा, असं माझं स्वप्न आहे. त्याला पगार शिक्षकाएवढाच.

---

द्राक्षबाग | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

तासगावहून रामराम. बेदाण्याचा धंदा आमच्या तीन पिढ्यांचा, म्हणून जर्दाळूवर बोलतो. गेल्या वर्षी लेहला गेलो होतो, तिथं छपरांवर, दगडांवर जर्दाळू वाळत घातलेले पाहिले. चव अशी की बोलायची सोय नाही. पण माल काळपट, धूळ बसलेली, कुठं माश्या. दर मात्र पडेल.

आम्हीही पूर्वी उघड्यावर वाळवायचो. मग शेड आले, जाळीचे रॅक आले, माल डिपिंग ऑइलमध्ये बुडवून सावलीत वाळवायला लागलो. रंग राखला आणि दर मिळाला. हे शेड लडाखात का होत नाहीत? तिकडे तर हवा आमच्यापेक्षा कोरडी!

---

रानवारा | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

दादा, तुमच्यासारख्या माणसाची गाठ तिकडच्या बायकांशी पडायला हवी होती.

सौर वाळवणयंत्रं आली आहेत, काही गटांचा माल स्वच्छ आणि सोनेरी निघतो. पण यात एक खरी गाठ आहे. तुर्कस्तानातल्या मलात्याचे जर्दाळू जे नारिंगी चमकदार दिसतात ते गंधकाच्या धुरामुळे. लडाखला सेंद्रिय नाव कमवायचं तर गंधक वापरता येत नाही, आणि गंधकाशिवाय फळ काळवंडतं. म्हणून प्रश्न असा : गंधक न वापरता रंग कसा राखायचा? पिकण्याच्या कुठल्या दिवशी तोडायचं, किती तापमानाला, किती जाड फोड? हे संशोधन साधं आहे, एखादा पदव्युत्तर विद्यार्थी दोन हंगामांत करू शकेल.

आणि वाणांचंही आहे. 'रक्त्से कारपो' नावाचा जर्दाळू फक्त लडाखचा, नावाचा अर्थच पांढऱ्या बियांचा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. हलमान हा दुसरा वाण वाळवायला चांगला. कडू बियांच्या जर्दाळूंचं तेल काढतात. झाडं एप्रिलमध्ये फुलतात आणि त्याच दिवसांत एखादी रात्र गोठली तर वर्षाचं फळ जातं. उशिरा फुलणारी झाडं जुन्या बागांत आहेत, कुणाच्या तरी परसात. ती शोधून कलमं करायला हवीत. सफरचंदाला कॉडलिंग मॉथची कीड, तिच्यामुळे ताजं सफरचंद लडाखबाहेर न्यायला बरीच वर्षं बंदी राहिली. बागायतदारांनी हातात चांगला माल घेऊन सोसलेलं नुकसान आहे ते.

---

पांझराकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

ताई, तुम्ही मातीतल्या. मातीबद्दल अजून काहीच लिहिलं नाहीत?

---

रानवारा | १४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

दादा, बरोबर पकडलंत. ते लिहायला वेळ घेतला, कारण माझा जीव त्यात आहे.

तिकडची माती वाळूसर, सेंद्रिय कर्ब अगदी कमी, पाणी धरून ठेवत नाही. तरी तिच्यात शेकडो वर्षं पीक निघतंय. ते घरातल्या संडासामुळे. लडाखी घरात वरच्या मजल्यावर एक खोली असते, जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की फावडंभर माती टाकायची. खालच्या खोलीत ते वर्षभर कुजतं. वसंतात दार उघडून बाहेर काढतात तेव्हा ती नुसती काळसर भुसभुशीत माती असते, वास अजिबात नाही. मी स्वतः हातात घेऊन पाहिली आहे, आणि आमा-लेबरोबर पाठीवरच्या करंडीतून शेतात वाहिली आहे. पाण्याचा एक थेंबही न वापरता घरातलं सगळं शेतात परत जातं.

आता २०२२ मध्ये पाच लाखांहून जास्त पर्यटक आले. त्यांच्यासाठी गेस्टहाऊसमध्ये फ्लशचे संडास, त्यासाठी बोअर, आणि सांडपाणी शोषखड्ड्यात. लेहमध्ये लोकांना झऱ्यांच्या पाण्याची काळजी वाटू लागली आहे. एकीकडे पाणी उपसलं जातं आणि दुसरीकडे शेताचं खत खड्ड्यात जातं. शेणाचंही तेच. ते हिवाळ्यात जाळायला लागतं, शेताला उरत नाही. जळणाची दुसरी सोय झाली तर शेण मातीला मिळेल. म्हणून घर उबदार ठेवण्याचं संशोधनसुद्धा मी शेतीच्याच खात्यात धरते. भिंतीत पेंढा भरला की शेताला शेण मिळतं, इतका सरळ संबंध आहे.

कोरड्या संडासातल्या खतात जंतू किती दिवसांत मरतात, त्या थंडीत कुजायला किती वेळ लागतो, माती किती आणि राख किती, याचा नीट अभ्यास करून सरकारनं एक साधं पत्रक लडाखीत आणि कारगिलकडच्या पुरगीत काढावं. पर्यटकांच्या खोल्यांनाही कोरडा संडास जोडणारी घरं आहेत. त्यांचं कौतुक व्हावं.

---

नवा_कोंब | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

नमस्कार. मी बी. एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अकोल्याला. हा पूर्ण धागा रात्री वाचला. मला तिकडे जाऊन काम करायचं आहे. कुठून सुरुवात करू? भाषा येत नाही, थंडीची सवय नाही. आई म्हणते आधी नोकरीचं बघ.

---

फौजी_अण्णा | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

बाळा, पहिले दोन दिवस लेहला नुसतं झोपून राहायचं. कितीही बरं वाटलं तरी चढायचं नाही. हे आधी. बाकी ताई सांगतील.

---

रानवारा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

अण्णा म्हणतात ते अगदी पाळ.

आता बाकीचं. पदव्युत्तरला प्रवेश घेताना विषय असा निवड की ज्याचं क्षेत्रकाम लडाखात करता येईल. तिथल्या संस्थांना पत्र लिही. लडाखचं स्वतःचं विद्यापीठ २०१९ पासून आहे, तिथल्या मुलांशी ओळख कर. तुझ्या वयाची मुलं तुला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त शिकवतील. भाषा शिकायला 'जुले' पासून सुरुवात कर. नमस्कार, आभार, येतो, सगळ्याला तोच एक शब्द. मग अंक, मग शेतातल्या वस्तूंची नावं. मला सहा महिन्यांत बाजार करता येऊ लागला आणि वर्षभरानं आमा-लेच्या गप्पा कळू लागल्या.

जाशील तेव्हा पहिल्याच वर्षी हिवाळ्यात राहा. उन्हाळ्यात सगळेच येतात. जानेवारीत राहिलास की लोक तुला घरचं समजायला लागतात आणि मग खरं बोलतात. प्रश्नावली खिशात ठेव, आधी लोकर पिंजायला बस.

आईला सांग की नोकरीचाही रस्ता यातून निघतो, मला निघाला. पण वेळ लागला, हेही सांग.

---

सरळरेघ | १५ नोव्हेंबर, दुपारी २.०५

ताई, एक शेवटचं. आमा-लेच्या त्या घरच्या बियाचं पुढे काय झालं? चांग ला खिंडीजवळ डीआरडीओनं बियाण्यांची कोठी केलीय असं वाचलं होतं. तिथं ठेवलं का?

---

रानवारा | १५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

त्या कोठीत काय काय आहे ते मी पाहिलेलं नाही. ती गोठलेल्या जमिनीचा फायदा घेणारी कोठी आहे, सतरा हजार फुटांच्या वर, आणि ती हवीच. पण कोठीतलं बी झोपलेलं असतं. शेतातलं बी दरवर्षी थोडं थोडं बदलतं, नव्या दुष्काळाशी जुळवून घेतं.

निघायच्या आदल्या दिवशी आमा-लेनं मला तिचं बी दाखवलं. याकच्या केसांच्या जुन्या पोत्यात होतं. मूठभर तळहातावर ओतलं, तर ते एका रंगाचं नव्हतं. काही दाणे फिकट पिवळे, काही निळसर, काही जांभळट काळे, काही सोललेले तर काही टरफलाचे. मी शिकलेल्या पुस्तकात याला भेसळ म्हणतात. तिला विचारलं, वेगळे का करत नाहीस? तिनं निळसर दाणा नखानं बाजूला सारला आणि म्हणाली, पाणी उशिरा आलं तर हा तगतो. मग पिवळा दाखवला : पाणी वेळेवर आलं तर हा भरतो. कुठलं वर्ष येणार हे पेरताना कळत नाही, म्हणून दोन्ही.

तिच्या मुलीनं आता गावातल्या नऊ घरांचं असं बी एकत्र करून कोरड्या खोलीत मडक्यांत ठेवलंय, प्रत्येकावर घराचं नाव. या साकाच्या, म्हणजे पहिल्या नांगरटीच्या सणाच्या वेळी ती प्रत्येक मडक्यातलं थोडं थोडं एकाच शेतात वेगवेगळ्या ओळींत पेरणार आहे. पाणी किती आणि कधी मिळालं ते वहीत लिहून ठेवणार आहे. मी तिला इथून आखलेली वही पाठवली आहे, प्रत्येक पानावर सात रकाने.